तू ‘दोन दिवसांत’ म्हणालास म्हणून

चि. नचिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

सकाळी डबा घेतलास, पाया पडलास, पण बोलला नाहीस. रात्री आवाज दोघांचेही चढले होते, तुझ्या एकट्याचा नाही. पोहोचल्यावर फोन केलास, त्यात क्वार्टर मिळालं, पाणी गार आहे, शिपाई वयस्कर आहे, एवढंच. फोनवर मी बोलायला लागले की तू ‘हो आई’ म्हणतोस आणि विषय मिटतो. म्हणून लिहिते आहे. भांडण पुढे न्यायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तू उपविभागीय अधिकारी झालास, बाबा सकाळपासून तीनदा नुसतंच म्हणाले, “प्रांत झाला.” आत्याने गल्लीभर पेढे वाटले. नाना असते तर... नाही, नानांचं नंतर.

जेवताना तू म्हणालास, “स्टँडसमोरची ती टपऱ्यांची रांग माझ्या हातात असती तर दोन दिवसांत साफ करून दाखवली असती.” ताई हसली, बाबांनी मान डोलावली. मी बोलले तर तू म्हणालास, तुला सरकारने काही करायलाच नको असतं. तसं नाही रे. दंगल झाली तर सरकार पाय रोवून उभं राहिलं पाहिजे. सातबाऱ्यावरचं नाव कोणाला खोडता येता कामा नये, अडवलेली वाट मोकळी झाली पाहिजे. तिथे सरकार कणखरच हवं. माझं म्हणणं एवढंच की कायद्याने जेवढा हात दिला आहे तेवढाच पुढे करावा, आणि तो पुढे करण्याआधीचा वेळ समोरच्याला पुरता मिळावा.

ती रांगच घे. आधी बघ, अधिकार तुझा आहे का? नगरपालिकेच्या हद्दीतला रस्ता असेल तर तो मुख्याधिकाऱ्याचा विषय, तुझा नाही. सरकारी जमीन असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम ५०. अधिकार एकाचा आणि सही दुसऱ्याची असली की सगळी कारवाई अपिलात कोसळते, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं ते झालेलंच असतं. मग बघ, बसलेले लोक कोण आहेत? फेरीवाले असतील तर २०१४ चा पथविक्रेता कायदा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत त्यांना उठवता येत नाही. हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर नाशवंत माल मागणी आल्याच्या दिवशीच परत, बाकीचा दोन कामकाजी दिवसांत. कायद्यात दोन दिवस आहेत ते तिथे आहेत, माल परत करायला.

आणि पक्कं बांधकाम असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल टेबलावर ठेव. कारणे दाखवा नोटीस रजिस्टर पोस्टाने, शिवाय बांधकामावर चिकटवून. किमान पंधरा दिवस, स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर ती. नोटीस निघाली की जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल, म्हणजे मागच्या तारखेची नोटीस नंतर दाखवता येणार नाही. समक्ष सुनावणी, तिचं इतिवृत्त, मग सकारण आदेश. पाडणं हाच एक मार्ग का उरला आणि बांधकामाचा काही भाग नियमित होतो का, हे त्या आदेशात यायला हवं. त्यानंतर पुन्हा पंधरा दिवस, अपील करायला किंवा स्वतःहून काढून घ्यायला. पाडताना चित्रीकरण. हे मोडलं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून.

तू म्हणशील, रस्त्यावरचं बांधकाम त्या निकालातून वगळलं आहे. वगळलं आहे, खरं. पण रस्ता नेमका कुठे संपतो हे भूमि अभिलेखच्या मोजणीशिवाय कोण सांगणार? चुना मारून आखलेली रेघ म्हणजे मोजणी नव्हे. मोजणीची ‘क’ प्रत मागव, नगर भूमापनाचा नकाशा मागव, दोन्ही जुळतात का ते स्वतः बघ, कारकुनाला बघायला सांगू नकोस.

हे सगळं करायला दोन महिने लागतात. लागू देत. ते दोन महिने तुझे वाया गेलेले नसतात, ते त्या टपरीवाल्याचे असतात. त्यात तो कागद शोधतो, वकील गाठतो, मुलीच्या शाळेची सोय बघतो.

बघ, लागलेच व्याख्यान द्यायला. माफ कर. हे सगळं तू अभ्यासलं आहेस, पेपरात लिहून त्यावर निवडही झाली आहे. मी अव्वल कारकुनाच्या खुर्चीतून निवृत्त झाले, तू प्रांताच्या खुर्चीत बसणार. पण फाइलीवर सही पडते त्या क्षणी पुस्तकातलं काही आठवत नाही, समोर फोन वाजत असतो.

फोनचंच सांगायचं होतं. वरून फोन येईल, “करून टाका, कागद नंतर बघू.” कोणाचाही येईल. मी कोणाला मत देते हे तुला माहीत आहे. त्यांच्या माणसाचा आला तरी माझं म्हणणं हेच. महाराष्ट्र नागरी सेवेचे वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, त्यातला नियम ३ काढून वाच. वरिष्ठाच्या निर्देशानुसार वागायचं तर तो लेखी घ्यायचा, आणि तेव्हा शक्य नसेल तर नंतर शक्य तितक्या लवकर लेखी दुजोरा घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ ला सनदी अधिकाऱ्यांच्या बाबतीत हेच सांगितलं. करायचं कसं, तर फोन ठेवल्याबरोबर फाइलीत टिप्पणी लिहायची, तारीख आणि वेळ घालून, ‘अमुक वाजता दूरध्वनीवर असे निर्देश प्राप्त झाले, लेखी आदेशास विनंती’. त्याच दिवशी जावक क्रमांक टाकून पत्र वर पाठवायचं. बहुतेक वेळा लेखी आदेश येतच नाही आणि काम तिथेच थांबतं. वाईटपणा येतो, मान्य. बदलीही होते. बदली झाली तर घरी ये, इथे खोली आहे.

आणीबाणीचं नाव काढलं की तू ‘पन्नास वर्षं झाली’ म्हणतोस. झाली. पण आणीबाणीतल्या कारभाराची चौकशी केलेल्या शहा आयोगाचे अहवाल वाच. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ३४,९८८ माणसं आत गेली आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८. एवढे आदेश दिल्लीत बसून एका माणसाने काढले नाहीत. त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत, तुझ्यासारख्याच, परीक्षा देऊन आलेल्या, चांगल्या घरातल्या. मला ते आकडे वाचताना पंतप्रधान दिसत नाहीत, टेबलं दिसतात.

आणि तेव्हाचं सगळं संपलं असं कुठे आहे? चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र आधीच लिहून घेण्याच्या कारवाईची, फाइल उघडून बघ. फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, १०७ चं १२६ झालं, ११० चं १२९, पण नोटीस अजून छापील असते आणि नावाची जागा रिकामी असते. कलम १३० प्रमाणे मिळालेल्या माहितीचा सारांश लेखी द्यायचा असतो, बंधपत्राची रक्कम, मुदत, जामीनदार किती, सगळं. ‘सामनेवाला भांडखोर स्वभावाचा आहे’ हा सारांश नव्हे. कधी, कुठे, कोणाशी, काय केलं, हे हवं. अंतरिम बंधपत्र कलम १३५ खाली मागायचं तर चौकशी सुरू झाल्यानंतरच, आणि कारणं लिहून. होतं असं की शेतमजुराला सकाळी धरून आणतात, संध्याकाळी त्याच्याकडे पन्नास हजारांचा सक्षम जामीनदार मागतात, तो कुठून आणणार? मग गुन्हा न करता माणूस तुरुंगात. रक्कम अवाजवी नसावी हे कायद्यातच लिहिलं आहे. आणि चौकशी सहा महिन्यांत संपवायची.

तडीपारीचंही तेच. पोलिसांचा प्रस्ताव येईल, जुन्या सात गुन्ह्यांची यादी जोडलेली. किती जुने ते बघ, सुटका किती गुन्ह्यांत झाली ते बघ. गोपनीय साक्षीदारांचे दोन जबाब असतील, ते खरे आहेत का याची खात्री तू स्वतः केलीस असं रोजनाम्यात दिसलं पाहिजे. आणि मुदत! सगळे डोळे झाकून दोन वर्षं लिहितात, कारण कायद्यात कमाल दोन वर्षं आहेत. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जालना जिल्ह्यातला असाच एक आदेश रद्द केला. कमाल मुदत कशासाठी, याचं कारण त्यात नव्हतं. माणसाला त्याच्या घरातून दोन वर्षं बाहेर काढायचं आणि त्यावर एक ओळसुद्धा लिहायची नाही, हे कुठल्या विचारांच्या सरकारला शोभतं?

मी पुन्हा तिथेच आले.

नानांचं आता लिहिते. कालव्याला त्यांचा कधीच विरोध नव्हता, हे तुला कोणी सांगितलं नसेल. विहिरीजवळचा तुकडा गेला तेव्हा १८९४ च्या भूसंपादन कायद्यातलं तातडीचं कलम १७ लावलं होतं, म्हणजे कलम ५-अ खालच्या हरकतींचे तीस दिवस गेले. पैसे मिळाले, पुढे वाढवूनही मिळाले. पण नाना शेवटपर्यंत ‘मला कोणी विचारलं नाही’ एवढंच म्हणत राहिले. कालव्याला पाणी यायला पुढे किती वर्षं लागली हे बाबांना विचार, म्हणजे ती तातडी कसली होती ते कळेल. स्वतंत्र पक्षाची ती जुनी पत्रकं त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली त्यामागे हेच होतं. राजाजींनी १९५९ मध्ये तो पक्ष काढला तो सामुदायिक शेतीच्या ठरावानंतर आणि परमिट-लायसन्सच्या राज्याविरुद्ध. तुम्ही मुलं त्या ट्रंकेवर बसून अंताक्षरी खेळायचात. तू दर वेळी ‘म’ आला की अडायचास आणि ताईकडे बघायचास.

नानांना दुसरं शल्य होतं ते आपल्याच माणसांचं. आणीबाणीविरुद्ध तुरुंगात गेलेल्यांचं सरकार आलं आणि त्याच सरकारने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. उरलं ते कलम ३००-अ, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. एवढ्याशा वाक्यात किती आहे हे १६ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महापालिकेच्या खटल्यात उलगडून सांगितलं. आधी नोटीस, मग म्हणणं ऐकणं, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य भरपाई, वेळेत आणि नीट कारवाई, आणि शेवटी प्रत्यक्ष ताबा घेऊन विषय संपवणं. नाना हे ऐकायला हवे होते.

तुझ्याकडे भूसंपादन येणारच. शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला कोल्हापूर-सांगलीकडे काय झालं ते तू बघितलंस. रस्ता हवा की नको हे तू ठरवणार नाहीस, पण संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर कोण उभं होतं, विहीर आणि झाडं मोजली का, पाइपलाइन लिहिली का, हे तुझ्या सहीखाली जाणार. लोक विरोध करतात म्हणून पोलीस बंदोबस्तात घाईने उरकलेल्या मोजणीत झाडं राहतात, पाइपलाइन राहते, आणि मग वर्षानुवर्षं दावे. गावचावडीवर यादी आधी लाव. हरकत घेणाऱ्याला पोच दे. पोच न देणं हा छोटा अन्याय वाटतो, पण माणसाकडे कागद नसला की त्याचं म्हणणंच नव्हतं असं होतं.

नगरपालिकेचा प्रशासक म्हणून कार्यभार आला तर तेवढं एक सांभाळ. संविधानात मुदत पाच वर्षांची आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, काहींची त्याआधीच संपली होती, काहींची नंतर, आणि निवडणुका घ्या हे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तेवढी वर्षं लोकांच्या पैशाचे ठराव एकट्या अधिकाऱ्याने केले. काही अधिकाऱ्यांनी काम चांगलं केलं, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. लोकांना सवय लागते, अधिकाऱ्यालाही लागते. मोठी कर्जं, जमिनींचे दीर्घ भाडेपट्टे प्रशासक म्हणून करू नकोस. रोजचं पाणी, कचरा, पगार बघ, बाकी निवडून येणाऱ्यांसाठी ठेव. नगरसेवक भांडतात, वेळ घालवतात, ठाऊक आहे. भांडू देत.

तू काही वाईट करशील अशी भीती नाही रे मला. तुला चांगलं करण्याची घाई आहे, आणि लहानपणापासून होती, त्याची भीती वाटते. रात्री हे म्हणायचं होतं, ते ‘तुला अधिकार चढला’ असं तोंडातून गेलं. ते शब्द मी परत घेते.

बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नानांचा चष्म्याचा डबा ठेवला आहे, त्यात पेनाच्या रिफिली आहेत. बाबांची गोळी बदलली, आता सकाळी अर्धीच. रविवारी फोन कर. आणि पहिली चॅप्टर केस समोर येईल तेव्हा ती छापील नोटीस कशी आहे, त्यात रिकाम्या जागा किती आहेत, ते मोजून मला सांग.

तुझी,
आई