वीज नसलेल्या प्रवासातील सीपॅप यंत्र

मा. संपादक,

झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेल्यांना हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र रोज रात्री लागते, म्हणून वीज नसलेल्या ठिकाणी जाणेच अनेकजण टाळतात. हे यंत्र बॅटरीवरही चालवता येते, त्यामुळे योग्य तयारी केली तर तसे करण्याची गरज नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. यंत्रातील पंख्याला वीज तशी थोडीच लागते. खरा खर्च होतो तो हवा दमट करण्यासाठी पाणी तापवणाऱ्या भागावर आणि गरम नळीवर. डॉक्टरांना विचारून ही दोन्ही बंद ठेवली, तर तीच बॅटरी कितीतरी अधिक वेळ पुरते. इन्व्हर्टरने बॅटरीची वीज घरगुती व्होल्टेजपर्यंत चढवायची आणि अडॅप्टरने ती पुन्हा १२ किंवा २४ व्होल्टवर उतरवायची, यात ऊर्जा वाया जाते. त्यापेक्षा बॅटरीची वीज थेट यंत्राला देणारी, उत्पादकाने सुचवलेली डीसी केबल घ्यावी. विमानात सुटी लिथियम बॅटरी हातातील सामानातच ठेवावी लागते आणि ती १०० ते १६० वॉट-तासांची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. हवेचा दाब जास्त असलेल्यांना वीजही जास्त लागते, त्यामुळे दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबून न राहता निघण्यापूर्वी एक पूर्ण रात्र घरीच बॅटरीवर काढून पाहावी.

– एक वाचक