बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम जय भीम.

बाबा, ध्यान नियमित केले तर नैराश्याच्या गोळ्या सोडता येतील का, असे तुम्ही रविवारी फोनवर विचारलेत. माझे अख्खे करिअर ज्या प्रश्नाभोवती फिरले, त्याचे उत्तर घाईत द्यायचे नव्हते, म्हणून हे पत्र.

मी शिकवते तो आठ आठवड्यांचा ध्यानाचा वर्ग झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात घडवला. बऱ्या झालेल्या माणसाला नैराश्य पुन्हा का गाठते, हा त्यांचा प्रश्न होता. मन जरा खिन्न झाले की ‘माझ्याच्याने काही होत नाही’ हे जुने विचार जागे होतात आणि माणूस त्यांच्यामागे फरपटत जातो. कॉग्निटिव्ह थेरपी या मानसोपचारात आम्ही असा विचार कितपत खरा आहे हे तपासतो. या वर्गात मात्र तो खरा की खोटा या वादात न शिरता, ‘हा एक विचार आला आहे’ एवढेच पाहायला शिकवतो. आई, सतिपट्ठान सुत्त या बुद्धाच्या ध्यानाविषयीच्या उपदेशातील चित्तानुपस्सना, म्हणजे मनाचे निरीक्षण, ते हेच, हे मला नोकरीत शिरल्यावर उमगले.

पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवतो. ती न्याहाळायची, हुंगायची, बोटांनी दाबून कानाशी धरायची आणि मग सावकाश चावायची. मागच्या खेपेला एक आजी डोळे मिटून कितीतरी वेळ ती कानाशी धरून बसल्या होत्या, नंतर म्हणाल्या, “आज सकाळपासून पहिल्यांदाच मी इथे होते.”

रुग्णालयातील या वर्गात बुद्धाचे नाव घेतले जात नाही. सर्व धर्मांच्या लोकांसाठी ते योग्यच, हे मला पटते. तरीही ज्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली, त्यांची नात म्हणून ते मनाला लागते. म्हणून नव्या शिक्षकांना शिकवताना हे ज्ञान कुठून आले, ते मी आवर्जून सांगते.

आता तुमचा प्रश्न. या वर्गाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये ते साठ आठवड्यांत परतण्याचे प्रमाण वर्ग न करणाऱ्यांत ६६ टक्के, तर वर्ग करणाऱ्यांत ३७ टक्के होते. दोनदाच येऊन गेलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. २०१५च्या इंग्लंडमधील चाचणीत ४२४ जण होते. वर्ग करून गोळ्या कमी करणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना दोन वर्षांत पुन्हा त्रास झाला, म्हणजे दोन्ही मार्ग जवळपास सारखेच ठरले. शिवाय ती माणसे आधी सावरलेली होती आणि त्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या होत्या. तुम्ही तर दिवाळीनंतर आत्ता कुठे नीट झोपू लागला आहात.

तेव्हा बाबा, मनाने एकही गोळी बंद करू नका. सकाळी दहा मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून जरूर बसा. मात्र मन जड झाले तर जबरदस्तीने बसून राहू नका. आई, या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे आणि मला कळव. त्या वेळी मी फोनवर असेन.

तुमची लेक