सावजी रस्सा आणि नवी ‘जुनी’ भोजनालये

संपादक महोदय,

‘जुन्या नागपूरची चव’ असा फलक लावून भोजनालये उघडण्याची चाल सध्या शहरात जोरात आहे. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मंडळी दिवाळीत किंवा लग्नसराईत गावी आली की मुद्दाम तिथे जेवायला जातात. भिंतीवर एम्प्रेस मिलचा जुना फोटो, कोपऱ्यात हातमागाचा सांगाडा, पितळी ताट, सगळे नीट मांडलेले असते. पण रस्सा समोर आला की तिखट तेवढे जाणवते, सावजी जाणवत नाही. ही भोजनालये टिकावीत असे आम्हाला मनापासून वाटते, म्हणून चव नेमकी कुठे हातची जाते ते लिहितो.

सावजी हा हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरातला स्वयंपाक. हातमागाच्या वस्त्यांत घराच्या पुढच्या खोलीतच भोजनालये सुरू झाली, आणि चार-पाच पदार्थांपलीकडे यादी नसे. त्यामुळे प्रत्येक पदार्थाचा गंज, म्हणजे पातेले, वेगळा शिजे. आज एकच लाल ग्रेव्ही सकाळी करून ठेवतात. कुकरमध्ये वेगळे शिजवलेले मटण, उकडलेली अंडी, पाटवडी, सगळे तिच्यातच पडते. हाडाचा आणि चरबीचा अर्क रश्शात उतरायला मटण मसाल्यातच शिजावे लागते, त्याला दुसरा उपाय नाही.

एक किलो बोकडाच्या मटणाला आम्ही साधारण असे प्रमाण धरतो: जवसाचे तेल १५० मिली, कांदा ३०० ग्रॅम, लसूण ३० आणि आले २० ग्रॅम, तिखट २५ ते ३० ग्रॅम. कोरड्या मसाल्यात धणे ३० ग्रॅम, सुके खोबरे ४०, खसखस १५, जिरे, शहाजिरे आणि काळी मिरी प्रत्येकी ५, दालचिनी ३, लवंग २, दगडफूल ३ ग्रॅम, मसाला वेलची दोन, तमालपत्र तीन आणि जायपत्रीचा एक तुकडा. शेवटी ज्वारीचे भाजलेले पीठ २५ ग्रॅम. मिरची भिवापुरी मिळाली तर उत्तमच. आपल्याच जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, रंग आणि तिखटपणा दोन्ही तिच्यात आहेत. रश्शात कृत्रिम रंग घालायला कायद्याची परवानगी नाही, आणि मिरची चांगली असली तर त्याची गरजही पडत नाही.

मसाला एकत्र भाजणे ही सर्वात मोठी चूक. धणे होईपर्यंत खसखस जळते आणि खोबरे कडू होते. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजावा. दगडफूल आधी निवडावे, त्यात सालीचे तुकडे आणि माती हमखास असते. वास छान येतो म्हणून ते दुप्पट घातले की रस्सा तोंडात कडवट रेंगाळतो. खसखस-खोबऱ्याचे वाटण पाट्यावर झाले तर फारच छान. मिक्सरच वापरायचा तर थोडे थोडे पाणी घालून, थांबत थांबत फिरवावा, कारण भांडे तापले की वास उडून जातो.

आता तेल. बहुतेक भोजनालयांत आज रिफाइंड तेल असते, आणि जुनी चव हरवण्याचे अर्धे कारण तिथेच आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. जवसाचे तेल महाग पडते हे खरे, पण त्याहून मोठी अडचण टिकण्याची आहे. त्यात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा लिनोलेनिक आम्ल या हवेत लवकर बिघडणाऱ्या मेदाम्लाचा असतो. उजेड आणि हवा लागली की ते लवकर खवट होते. रंग-वॉर्निशवाले जवसाचे तेल वापरतात तेही हवेत ते सुकून घट्ट होते म्हणूनच. रंगाच्या दुकानातले तेल मात्र स्वयंपाकघरात येता कामा नये. घाणीवरून आठवड्यापुरतेच ताजे तेल आणावे आणि गडद, बंद डब्यात थंड जागी ठेवावे. हे तेल लवकर धुरते. मध्यम आचेवर कच्चा वास जाईपर्यंतच तापवावे आणि लगेच आच उतरवावी. काळा धूर निघाला तर ते तेल टाकून द्यावे, कारण पुढे कितीही मसाला घातला तरी तो कडूपणा झाकत नाही. नव्या गिऱ्हाइकाला वास उग्र वाटेल अशी भीती असेल तर निम्मे फल्लीतेल (शेंगदाण्याचे तेल) मिसळावे, पण मिसळल्याचे लपवू नये.

तर्री, म्हणजे रश्शावरचा लाल तेलाचा तवंग, वर का येत नाही, हा प्रश्न नवे आचारी हमखास विचारतात. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून कांदा तपकिरी झाल्यावर वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. तिखट सर्वात शेवटी, आच कमी करून घालावे, ते अर्ध्या मिनिटात जळते. मग मटण घालून दहा-पंधरा मिनिटे परतायचे आणि उकळते पाणीच ओतायचे. गार पाण्याने गंजाची उकळी मोडते आणि तेल पुन्हा वर यायला फार वेळ लागतो. पुढे तास-सव्वा तास मंद आच. खळखळ उकळले की तेल रश्शात घुसळले जाते आणि वर तवंग राहत नाही. ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून मटण शिजत आल्यावर लावावे. किलोला चाळीस ग्रॅमच्या वर गेलात तर पीठ तेल धरून ठेवते आणि रस्सा तळाला लागतो. अशा वेळी वरून कच्चे तिखट आणि गरम तेल सोडतात. ताट लाल दिसते, पण घसा आणि पोट जळते, आणि मग गिऱ्हाईक सावजीलाच नावे ठेवते.

पाटवडी रश्शात आधीपासून टाकू नये, ती रस्सा पिऊन फुगते. एक वाटी बेसनाला दोन वाट्या पाणी घेऊन, घोटून, गोळा कडेने सुटेपर्यंत वाफवावा. बेसन कच्चे राहिले तर वडी रश्शात विरघळते. डाळ-कांद्याची हरभरा डाळ दोन तास भिजवलेली आणि अख्खी, पण बोटाने सहज दबणारी हवी. तर्री-पोह्याचा रस्सा पातळच हवा, पीठ निम्मे घालावे. त्यातल्या काळ्या हरभऱ्यांना आठ-दहा तास भिजवले की खायच्या सोड्याची गरज नाही. सोड्याने सालपट सुटते आणि तर्री गढूळ होते. सांबारवडीचे (कोथिंबिरीच्या वडीचे) तळणाचे तेल रोज तपासावे. २०१८ पासून त्यात ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापल्याने तयार होणाऱ्या घटकांचे, प्रमाण २५ टक्क्यांवर कायद्याने चालत नाही, आणि ते मोजण्याचे यंत्र मिळते.

उलट्या मडक्यावरची लांब रोटी तंदुरी रोटीच्या कारागिराला जमत नाही. तिची कणीक पोळीच्या कणकेपेक्षा खूप सैल, आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळलेली आणि पुढे दोन तास झाकून ठेवलेली असते. ती हातावर लांबवून मडक्यावर टाकण्याचे कसब असलेल्या बाया अजून शहरात आहेत. त्यांना चांगला पगार देऊन ठेवावे. भोजनालयाच्या खर्चात हा खर्च पहिला असायला हवा.

राहिलेला रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी नव्या गंजात ओतण्याची पद्धत ताबडतोब थांबावी. वाढेपर्यंत रस्सा ६० अंशांच्या वर गरम असावा, उरला तर उथळ भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये जावा. त्यापेक्षा दुपारचा आणि रात्रीचा गंज वेगळा चढवावा, आणि संपला की संपला असे सरळ सांगावे.

आणखी एक सूचना. रस्सा कोणत्या तेलात शिजला आहे आणि मटण मसाल्यात शिजवले आहे की वेगळे, हे दरपत्रकावर ठळक लिहावे. जवसाचे तेल सगळ्यांनाच मानवते असे नाही, आणि ज्यांना तीच चव हवी आहे ते त्यासाठी दोन पैसे जास्त द्यायला तयार आहेत.

आपले,
स्वयंपाकाच्या धंद्यातले काही वाचक
महाल, नागपूर