सभासदांसाठी सूचना : रविवारची बैठक, चित्रकादंबऱ्या आणि गाण्या-नाटकांची पुस्तके

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता वाचनालयात बैठक आहे. धानाची कापणी सुरू आहे, म्हणून दहाच्या आत नक्की आटोपू.

सर्वांनी ‘भीमायन’ (२०११) ही चित्रकादंबरी आधी पाहून यावी. बाबासाहेबांचे हे चरित्र दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड आदिवासींच्या चित्रशैलीत चितारले आहे. ठरावीक चौकोनी चौकटी त्यात नाहीत. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात येतात, तर जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. चित्रांची पुस्तके फक्त पोरांसाठी असतात, असे ज्यांना वाटते त्यांनी तर हे हातात घ्याच. आपली प्रत इंग्रजी आहे, पण त्यासाठी कोणी मागे राहू नये; बैठकीत पानापानाचा मजकूर मराठीत सांगू.

• प्रत एकच आहे. दोन दिवसांत परत करावी, पाने दुमडू नयेत.

• घरी दंडार, खडीगंमत या लोकनाट्यांच्या गाण्यांच्या वह्या, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या जुन्या पुस्तिका किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांची हँडबिले असतील तर सोबत आणावीत. फोटो काढून तिथेच परत देऊ. विशेषतः हाताने लिहिलेल्या वह्या आणा. त्यातली कितीतरी गाणी कुठेच छापलेली नाहीत आणि वाळवी कोणासाठी थांबत नाही.

• गाणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींना गाडीवर बसवून आणण्याची जबाबदारी तरुण सभासदांची. चाल वहीत नसते, ती त्यांच्याच गळ्यात आहे.

• नवीन पुस्तकांची मागणी त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहावी.

– ग्रंथपाल