पडदा हजेरीच्या मशीनजवळ लावा

महोदय,

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पॅकिंगला आहे. आमच्या कँटीनमध्ये यंदा भलामोठा डिजिटल पडदा बसवला, कामगारांपर्यंत माहिती पोहोचावी म्हणून. त्यावर दिवसभर साहेबांच्या सत्काराचे फोटो, इंग्रजी सुविचार आणि निर्यातीचे आलेख फिरत असतात. ताट घेऊन रांगेत उभं असताना निम्मं वाचून होतं, तोवर पुढचं चित्र येतं.

आत मोबाईल चालत नाही, गेटवरच जमा करावा लागतो. कंपनीचा ई-मेल ऑफिसवाल्यांना. सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण त्यात ठेकेदाराची माणसं घेतलेली नाहीत. मागे सणासाठी गुरुवारची सुट्टी बदलली, तेव्हा टाइम ऑफिसने कागद लावला तो आपल्याच खोलीत. सेकंड शिफ्टच्या कितीतरी बायका डबा घेऊन बंद गेटसमोर हजर! दिघी-चऱ्होलीकडच्यांचं रिक्षाभाडं गेलं ते वेगळंच. पडद्यावर त्या आठवड्यात कुणा मॅनेजरचा वाढदिवस चालू होता.

1948 च्या कारखाना कायद्यात कलम 108 होतं. नोटीस इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत हवी आणि मुख्य दाराजवळ सहज दिसेल अशी लावावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कागदाला जो नियम, तो विजेच्या पडद्याला लावायला काय हरकत आहे?

पंचिंग मशीनपाशी शिफ्ट सुटताना सगळेच थांबतात, पडद्याची जागा तिथे. मजकूर मराठीत आणि हिंदीत, कारण आमच्या लाइनवर बिहार-ओडिशाची मुलं बरीच आहेत. अक्षर मोठं. उद्या कोण कुठल्या लाइनला, ओव्हरटाइम आहे का, बस किती वाजता, एवढं कळलं तरी पुष्कळ. आणि कुठे हात मशीनमध्ये जाता जाता वाचला असेल, तर तेही त्याच दिवशी दाखवा. सध्या ती गोष्ट दुसऱ्या शिफ्टला चहाच्या वेळी, तिखटमीठ लावून कळते.

मजकूर बदलायचं काम मात्र टाइम ऑफिसच्या क्लार्ककडे द्यावं. पूर्वी ते फळ्यावर खडूने लिहायचे. अक्षर कोंबडीचे पाय, पण माहिती त्या दिवशीची असायची. आता साधा बसचा वेळ बदलायचा तरी मुंबईच्या हेड ऑफिसची परवानगी लागते म्हणे.

– एक महिला कामगार, भोसरी