कोयता ठेवायची काहीच गरज नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीत लागोपाठ दोन बंगले फुटले आणि तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री कोर्ट भरतंय. ग्रुपवरच्या एकाकडं लायसनचं रिव्हॉल्वर आहे, त्यानं विचारलं की समजा चोरावर गोळी झाडायची वेळ आलीच तर नंतर पोलिसांना सांगायचं काय. त्यावर एक म्हणतो बॉडी अंगणात पडली असेल तर ओढून हॉलमध्ये घ्यायची, दुसरा म्हणतो किचनमधली सुरी त्याच्या हातात द्यायची, तिसरा म्हणतो पहिली गोळी हवेत मारली होती असं ठोकून द्यायचं, विषय कट. आणि खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. सगळी शिकलेली, ईएमआय भरणारी माणसं बरं का.

मी वकील नाही. सेशन कोर्टात नोकरी झाली, शिरस्तेदार म्हणून रिटायर झालो. पण असल्या हुशारीचं पुढं काय होतं ते जवळून पाहिलंय म्हणून लिहितोय.

एक केस अजून डोळ्यासमोर आहे, गाव सांगत नाही. शेतातल्या वस्तीवर रात्री दोनच्या सुमाराला दाराची कडी उचकटून एक जण आत शिरला, म्हाताऱ्यानं खुंटीवरची बारा बोर काढली आणि झाडली, माणूस जागेवर गेला. इथपर्यंत जे झालं ते तसंच्या तसं सांगितलं असतं तर म्हातारा बहुतेक सुटला असता. पण सकाळी पोलीस यायच्या आत मेव्हणा आला आणि त्यानं डोकं चालवलं, गोठ्यातला कोयता आणून मयताच्या हाताशी ठेवला, आणि म्हाताऱ्याला पढवलं की कोयता घेऊन अंगावर आला म्हणून सांगा. पंचनाम्यात लिहिलेलं होतं की कोयता रक्ताच्या थारोळ्यात, पात्याच्या खालच्या अंगाला रक्त, वरच्या अंगाला एक थेंब नाही, आणि मयताचा हात मात्र कोपरापर्यंत भरलेला. मुद्देमालाचं लेबल सोडून तो कोयता कोर्टात दाखवला तेव्हा सरकारी वकिलांनी एकच मुद्दा मांडला, की रक्त आधी सांडलं आणि कोयता नंतर आला. संपलं. त्यानंतर म्हाताऱ्याचं खरं बोलणंही कुणी खरं धरेना, कडी उचकटलेली सुद्धा यांनीच उचकटली असेल असं झालं. जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) ३०४ खाली, म्हणजे सदोष मनुष्यवधाची, शिक्षा लागली आणि मेव्हणाही खोट्या पुराव्यापायी आत गेला.

वाईट याचं वाटतं की कोयत्याची काही गरजच नव्हती! आपला कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा बराच उदार आहे. आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये हे सगळं आहे, आधी आयपीसीत ९६ ते १०६ होतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कुणी घरफोडी करत असेल तर मालमत्तेच्या बचावातला हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, ते कलम ४१. समोरच्याच्या हातात हत्यार पाहिजेच असं त्यात नाही. अर्थात मोकळं रान पण नाही, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडं जायला सवड असेल तर हक्कच नाही (कलम ३७), आणि चोर कंपाउंडवरून उडी टाकून पळतोय आणि तुम्ही पाठीत गोळी घातली तर मग अवघड आहे. हा हक्क सिद्ध करायचा बोजा आरोपीवर असतो पण तो सरकारी पक्षाइतका जड नसतो, तुमचं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं तरी पुरतं. आता संभवनीय वाटायचं म्हणजे काय, तर तुमच्या शब्दावर कोर्टाचा विश्वास बसला पाहिजे, आणि खोटं बोलून तुम्ही नेमका तोच घालवता.

आठवा नानावटी खटला, मुंबई, १९५९. नेव्हीचा कमांडर नानावटी, त्यानं बायकोचा प्रियकर आहुजा याला गोळ्या घातल्या. नानावटी स्वतःहून पोलिसांकडं हजर झाला, पण कोर्टात बचाव काय तर आहुजाशी झटापट झाली आणि झटापटीत गोळ्या सुटल्या. ज्युरीनं ८ विरुद्ध १ नं सोडला. पण हायकोर्टात आणि १९६१ ला सुप्रीम कोर्टात ते टिकलं नाही, कारण काय तर टॉवेल. आहुजा अंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला, एवढी झटापट होऊन तीन गोळ्या लागल्या आणि टॉवेल जागचा हलला नाही? शिवाय रिव्हॉल्वर जहाजावरून घेताना रात्री एकट्यानं गाडीनं नगरला जायचंय असं खोटं कारण सांगितलेलं, तेही आडवं आलं. नेव्हीच्या कमांडरला टॉवेल नडला, तिथं आमच्या कॉलनीतल्या सुरीचं काय घेऊन बसलात.

खोटं बोलण्याचे वेगळे गुन्हे आहेतच. कोर्टात वापरायला म्हणून खोटा पुरावा तयार केला तर न्याय संहितेचं कलम २२९, ७ वर्षांपर्यंत. खून झालाय असं ठरलं तर पुरावा गायब केल्याचं २३८ त्यात वेगळं, तेही ७ वर्षांपर्यंत. खोटी माहिती देऊन पोलिसांना दुसऱ्याच्या मागं लावलं तर २१७, वर्षभर. त्यात पुण्यातल्या एका केसमध्ये १९८४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरोपीचा खोटा बचाव ही पुराव्याच्या साखळीतली जादा कडी धरता येते, मात्र बाकीच्या कड्या आधी पुऱ्या पाहिजेत. म्हणजे नुसत्या खोटेपणावर शिक्षा नाही, पण साखळी आवळायला तो मदत करतो.

आणि ज्याला भीती वाटते त्याला खोटं बोलायची गरजच काय? राज्यघटनेच्या कलम २०(३) नं गप्प बसायचा हक्क दिलाय, स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सक्ती नाही. ११२ ला फोन करायचा, ॲम्ब्युलन्स बोलवायची, हो गोळी मी झाडली आणि का झाडली ते दोन वाक्यात सांगायचं, बाकीचं वकील आल्यावर सांगतो म्हणायचं. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी पडली तिथंच राहू द्यायची, फरशी पुसायची नाही (हे बायकोलाही सांगून ठेवा, रक्त बघून पहिलं पोतेरं हातात येतं).

हेच मी ग्रुपवर थोडक्यात टाकलं. उत्तर आलं, "काका, कोर्टात एवढं बारीक कोण बघतंय!" त्या कोयत्याची आणि टॉवेलची गोष्ट मोबाइलवर एका बोटानं टाइप करणं काही जमेना, म्हणून कागदावर लिहून तुम्हाला पाठवतोय. छापून आलं तर कात्रण ग्रुपवर टाकीन.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार, सातारा