स्कोपचा नंबर पेशंटच्या कार्डावर का नाही?

मा. संपादक,

अँटिबायोटिक्स उठसूट घेऊ नका, घेतली तर कोर्स पूर्ण करा, हे आता सगळ्यांचं सांगून झालंय आणि ते बरोबरच आहे, पण दरवेळी खापर पेशंटच्याच डोक्यावर का फोडायचं? औषधाला दाद न देणारे जंतू हॉस्पिटलच्या उपकरणांवरूनही एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी बरीच वर्षं एंडोस्कोपी रूममध्ये सिस्टर होते म्हणून लिहितेय.

पित्तनलिकेत खडा अडकला की ईआरसीपी नावाची दुर्बिणीची प्रोसिजर करतात. त्यासाठी तोंडातून जो ड्युओडेनोस्कोप (कॅमेरा असलेली लांब लवचिक नळी) घालतात त्याच्या टोकाला वरखाली होणारी एक इवलीशी पट्टी असते, तिला एलिव्हेटर म्हणतात, आत घातलेल्या तारेला दिशा द्यायला. सगळी मेख तिथेच आहे. तिच्या मागच्या फटीत ब्रश धड पोचत नाही, पट्टी एकदा वर करून आणि एकदा खाली करून घासावी लागते, आणि स्कोप ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात) टाकावा तर तेवढ्या उष्णतेने त्याची वाट लागते. म्हणून घासून झाल्यावर सायडेक्स या जंतुनाशक द्रावणात बुडवून ठेवायचा. पण आधीच घाण अडकून राहिली असेल तर सायडेक्स तरी काय करणार, आणि चॅनल, म्हणजे स्कोपच्या आतला पोकळ मार्ग, ओला राहून स्कोप तसाच कपाटात गेला तर रात्रभरात जंतू पुन्हा वाढतात.

हे सगळं नीट केलं तरी पुरत नाही हे अमेरिकेत दिसलंय. २०१३ मध्ये शिकागोजवळच्या एका हॉस्पिटलात ३९ जणांमध्ये एनडीएमवाला, म्हणजे भारी अँटिबायोटिक्सही निकामी करणारं एन्झाइम असलेला, ई. कोलाय जंतू सापडला (हो, तोच एनडीएम, ज्याच्या नावात न्यू दिल्ली आहे म्हणून २०१० मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता), त्यातल्या बहुतेकांसाठी हाच स्कोप वापरलेला, आणि तपासात धुण्यात काही कसूर सापडली नाही! इथिलीन ऑक्साइड गॅसने स्कोप निर्जंतुक करायला लागले तेव्हा कुठे नवीन केसेस थांबल्या. मग २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये ७ जणांना संसर्ग, त्यातले २ गेले, आणि धोका असू शकतो म्हणून १७९ पेशंट्सना कळवावं लागलं. संसर्गाचे रिपोर्ट सरकारला वेळेत न दिल्याबद्दल हे स्कोप बनवणाऱ्या ऑलिम्पस कंपनीने २०१८ मध्ये गुन्हा कबूल केला आणि साडेआठ कोटी डॉलर मोजले.

आता आपल्याकडे बघा. स्कोप दोन, लिस्ट ही लांबलचक, बाहेर नातेवाईक ताटकळलेले, आणि आतून आवाज येतो सिस्टर पुढचा पेशंट घ्या. वीस मिनिटं बुडवायचा स्कोप दहा मिनिटांत बाहेर काढायचा मोह कुठे होतो ते सांगायला नको, आणि शिव्या खाणार तो धुणारा मुलगा, ज्याला बऱ्याचदा कुणी धड ट्रेनिंगही दिलेलं नसतं. गॅसचं म्हणाल तर त्यात स्कोप कित्येक तास अडकतो, म्हणजे जास्तीचे स्कोप घ्यायला हवेत, आणि ते लाखांच्या घरात जातात. टोकाचं झाकण वापरून फेकता येईल असे स्कोप आलेत, औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्येच तिकडे वळा असं हॉस्पिटलांना सांगितलं, पण आपल्या तालुक्याच्या गावाला ते कधी परवडणार देव जाणे.

पण एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते आणि तिला खर्च फक्त शाईचा. प्रत्येक स्कोपला नंबर असतोच. तो नंबर, आणि तो शेवटचा कधी आणि कुणी धुतला, हे पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर लिहा. आज महिन्याभराने कुणाला थंडीताप येऊन रक्तात असला जंतू निघाला तर आधी तोच स्कोप आणखी कुणाकुणासाठी वापरला हे शोधायचं कसं? बऱ्याच ठिकाणी रजिस्टरमध्ये नुसतं नाव आणि प्रोसिजर असते. आरोग्य खात्याने एवढं तरी सक्तीचं करावं, सरकारीच नाही, खाजगी हॉस्पिटलांनाही, आणि ठराविक काळाने स्कोपचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे त्यावर जंतू वाढतात का याची तपासणी, मागावा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, मिरज